ऑनलाइन इंग्रजी शब्दकोशातील ‘बेग’ची नोंद: एक परीक्षण

‘बेग’सारख्या साध्या क्रियापदाची नोंद कशी केली आहे, यावरून शब्दकोशाची चांगली पारख होते, म्हणून नेहमीच्या वापरातील ऑनलाइन कोशात ती बारकाईने वाचली. भीक मागणे आणि काकुळतीला येऊन विनवणे हे अर्थ तिथे स्वतंत्रपणे दिले आहेत. ‘आय बेग टू डिफर’ हा प्रयोगही वेगळा काढला आहे, कारण त्यात गयावया उरत नाही, उरतो तो नम्रपणे नोंदवलेला मतभेद.

व्युत्पत्तीचा भाग मला सर्वांत भावला. काही अभ्यासक हे क्रियापद प्राचीन इंग्रजीतील ‘बेडेकियन’ या भीक मागण्याच्या क्रियापदापर्यंत नेतात, तर काही जण ते मध्ययुगीन युरोपातील बेगार्ड या धार्मिक पंथीयांच्या नावाशी जोडतात. कोशाने दोन्ही मते मांडून निर्णय खुला ठेवला आहे, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मोठी उणीव आहे ती ‘बेग द क्वेश्चन’बाबत. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे, हा त्याचा मूळ तर्कशास्त्रीय अर्थ. आज पुष्कळ जण ‘प्रश्न उपस्थित करणे’ या अर्थाने तो वापरतात. कोश दोन्ही अर्थ देतो, पण औपचारिक लेखनात नवा अर्थ अनेक जाणकारांना खटकतो, ही सूचना देत नाही.

समानार्थी शब्दांची यादीही कोरडीच आहे. ‘इम्प्लोर’च्या मुळाशी रडणे, आक्रोश करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे, तर ‘बिसीच’ हे ‘सीक’चे, म्हणजे शोधण्याचे, सगोत्र आहे, एवढे सांगितले असते तरी विद्यार्थ्याला योग्य शब्द निवडणे सोपे गेले असते.