बॉस्टन टीचर रेसिडेन्सी: वर्ष घेते, पण शिक्षक टिकवते

बी.एड.सारखी पदवी नसलेल्याला शिक्षक करायचं, तर अमेरिकेत एक वाट झटपट आहे: उन्हाळ्यात काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि शाळा उघडली की थेट स्वतःचा वर्ग. दुसरी रेसिडेन्सीची: आधी वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शिकायचं, मगच स्वतःचा वर्ग. बॉस्टन टीचर रेसिडेन्सी २००३ पासून या दुसऱ्या वाटेवर आहे. शिक्षक टिकावेत असं वाटत असेल, तर हीच वाट धरावी.

उन्हाळ्यात सुरुवात होते. मग शालेय वर्षभर आठवड्याचे चार दिवस अनुभवी शिक्षकाच्या वर्गात आणि एक दिवस स्वतःच्या अभ्यासाला. बदल्यात बॉस्टनच्या सरकारी शाळांत तीन वर्षं शिकवण्याची हमी द्यावी लागते.

कुठल्याही रेसिडेन्सीचं यश वर्ग टप्प्याटप्प्याने हाती देण्यात असतं. आधी निरीक्षण, मग चार-पाच मुलांचा गट, मग धड्याची पहिली दहा मिनिटं, मग पूर्ण तास, शेवटी सलग काही दिवस. यातली घाई महागात पडते. नवखा शिक्षक प्रश्न विचारतो आणि सेकंदभरात स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाच्या येतं. ‘प्रश्नानंतर किमान तीन सेकंद थांब’ एवढंच सांगून, दुसऱ्या दिवशी तेवढंच तपासलं, तर सवय बदलते. एका बैठकीत दहा सूचना दिल्या की एकही अमलात येत नाही.

निकालांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन रेसिडेन्सीतून तयार झालेले शिक्षक पाचव्या वर्षापर्यंत बॉस्टनच्या सरकारी शाळांत टिकण्याचं प्रमाण इतर नवशिक्षकांपेक्षा जास्त आढळलं. पण सुरुवातीला गणितात त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती इतर नवशिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी होती. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र तेच शिक्षक जुन्याजाणत्यांच्या पुढे गेले. म्हणजे जो माणूस टिकतो त्याच्यातच हा फायदा दिसतो. दोन वर्षांत सोडून जाणाऱ्याच्या बाबतीत शाळेला फक्त खर्च सोसावा लागतो.

हे मॉडेल उचलणाऱ्या शाळा दोन ठिकाणी हमखास चुकतात. कुणी शिक्षक रजेवर गेला की शिकाऊ माणसाला बदली म्हणून उभं करतात, आणि त्या दिवसाचं शिकणं बुडतं. शिवाय चांगला शिकवणारा म्हणजे चांगला मार्गदर्शक, असं गृहीत धरतात. स्वतः एखादी गोष्ट का केली हे शब्दांत सांगता येणं हे वेगळंच कौशल्य आहे. मार्गदर्शक निवडताना नुसता त्याचा तास पाहू नये, तासानंतरची त्याची चर्चाही ऐकावी.

रिकामी जागा पुढच्याच महिन्यात भरायची असेल, तर रेसिडेन्सी उपयोगाची नाही. वर्षभराचा अवधी असेल, तर जरूर घ्यावी. मात्र त्यानंतरच्या पहिल्या वर्षीही आठवड्याला एक ठरलेली बैठक ठेवावी, आणि शाळेतला सगळ्यात अवघड वर्ग या नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारू नये.