ओगबेचे की कोरो? क्लब बदलणारा आणि टिकणारा स्ट्रायकर

जुन्या क्लबाचा नवा करार आणि दुसऱ्या क्लबाचा प्रस्ताव, दोन्ही समोर असतील तर तरुण फॉरवर्डने भारतीय फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) दोन कारकिर्दी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. एक नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे, दुसरा स्पेनचा फेरान कोरोमिनास, गोवेकरांचा लाडका कोरो.

ओगबेचे पॅरिस सां-जर्मेंमध्ये घडला. २००२चा विश्वचषक खेळला तेव्हा वय सतरा. पुढे फ्रान्स, अमिराती, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असा फिरत २०१८मध्ये भारतात आला आणि इथेही पाच हंगामांत चार क्लब खेळला. नॉर्थईस्टसाठी १२ गोल, केरळसाठी १५, मुंबईसाठी ८, मग हैदराबादसाठी १८ आणि १०. एकूण ६३.

कोरो मुळात एस्पान्योलचा. २००६मध्ये हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या भरपाई वेळेत गोल करून त्याने तो क्लब खालच्या विभागात जाण्यापासून वाचवला. नंतर तोही बराच भटकला, पण चौतिसाव्या वर्षी गोव्यात आला आणि रमला. तीन हंगाम, ५७ सामने, ४८ गोल, दोन वेळा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान. सरासरीत तो ओगबेचेच्या पुढे आहे. लोकांच्या प्रेमातही पुढे, असं मला वाटतं. गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमने ते भरभरून दिलं.

चषकांचा हिशोब मात्र उलटा. कोरोने गोव्याबरोबर सुपर कप आणि साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड जिंकली, पण २०१९चा आयएसएलचा अंतिम सामना मुंबईत बेंगळुरूविरुद्ध जादा वेळेत हातून निसटला. ओगबेचे २०२१मध्ये मुंबईबरोबर आणि २०२२मध्ये हैदराबादबरोबर, असा लागोपाठ दोनदा विजेता झाला.

खरा धडा ओगबेचेच्या मुंबईतल्या ८ आणि हैदराबादमधल्या १८ गोलांच्या मधे आहे. मुंबईत त्याची जागा ॲडम ल फाँद्रबरोबर वाटली गेली होती. (अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला सहकारी बिपिनला गोलसाठी चेंडू मात्र त्यानेच दिला.) पुढच्याच वर्षी हैदराबादमध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केस यांनी अख्खं आक्रमण त्याच्याभोवती उभं केलं आणि सदतिसाव्या वर्षी तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. पाय तेच होते. कोरोचंही तेच: प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांची पद्धत, आधी लांझारोते, मग बूमूस आणि बेदिया यांचे पास, हे सगळं गोव्यात होतं म्हणून टिकणं फळलं. आणि ओगबेचेचं नॉर्थईस्टहून केरळला जाणंही पाहा. प्रशिक्षक एल्को शॅटोरी तिकडे गेले, त्यांच्यामागोमाग हाही गेला. केरळ सातव्या क्रमांकावर राहिलं, तरी याचे गोल १५!

भारतीय खेळाडूसाठी गणित आणखी कठीण आहे, कारण मधली जागा बहुतेक क्लब परदेशी स्ट्रायकरला देतात. त्याच हैदराबाद संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पण बाजूने धावत. सुनील छेत्रीलाही बेंगळुरूत परदेशी स्ट्रायकर मिकूच्या शेजारी डावीकडून खेळावं लागलं; त्यात १४ गोल केले ही त्याची थोरवी. त्याआधी मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो अशी वणवण करून तो २०१३मध्ये स्थिरावला, हे विसरू नये.

म्हणून माझं स्पष्ट मत: बाविशीच्या आत असाल आणि आत्ताचा प्रशिक्षक तुम्हाला मधे खेळवत असेल, तर जास्त पैशांसाठीही हलू नका. बाकावर बसत असाल तर खालच्या, दुसऱ्या स्तराच्या लीगमध्ये जावं लागलं तरी जा, त्यात कमीपणा नाही. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: क्लब यंदा कोणता परदेशी स्ट्रायकर आणतोय, आणि तुम्हाला हवा म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचा स्वतःचा करार किती वर्षांचा आहे.