‘रोस्टरवर जागा पक्की’ म्हणणाऱ्या कन्सल्टंटपासून सावध राहा

हायस्कूलमध्ये वॉटर पोलो खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांसाठी हे लिहितेय. मुलगा क्लबच्या टीममध्ये बऱ्यापैकी खेळायला लागला की पैसे घेऊन कॉलेजच्या संघात (रोस्टरवर, म्हणजे खेळाडूंच्या यादीत) जागा मिळवून देतो म्हणणारी रिक्रूटिंग कन्सल्टंट नावाची मंडळी भोवती घिरट्या घालू लागतात. सगळेच लबाड असतात असं नाही. आमच्या वाट्याला आलेला होता, आणि त्याने आम्हाला साडेसात हजार डॉलरचा गंडा घातला. प्रकरण अजून मिटलेलं नाही, म्हणून त्याचं नाव देत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते.

आधी या खेळाचं गणित बघा, म्हणजे अशा लोकांचं का फावतं ते कळेल. अमेरिकेत हायस्कूलला वॉटर पोलो खेळणारी मुलं २० हजारांहून जास्त, आणि त्यांतली बहुसंख्य कॅलिफोर्नियातच. कॉलेजच्या बाजूला एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची नियामक संघटना, तिच्या सगळ्या डिव्हिजन (वन, टू, थ्री असे स्तर) धरल्या तरी मुलांचे संघ पन्नासच्या आसपास. वर त्या संघांत युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेली तयार पोरंही असतात. १९६९ पासून मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरतेय आणि कॅलिफोर्नियाबाहेरच्या एकाही कॉलेजने ती आजवर जिंकलेली नाही, म्हणजे स्पर्धा आपल्या अंगणातच सर्वांत तीव्र. स्कॉलरशिपचं म्हणाल तर २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या मुलांच्या संघाला जास्तीत जास्त साडेचार स्कॉलरशिप देता यायच्या. होय, साडेचार, आणि त्याही अख्ख्या संघात वाटून. ज्या कॉलेजांनी नवी व्यवस्था स्वीकारली तिथे आता ही मर्यादा गेली, पण संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मर्यादा आली. हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची कॉलेजं आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत.

हे काहीच न सांगता आमचा कन्सल्टंट एका टूर्नामेंटला पूलच्या कडेला येऊन भेटला. स्वतः कॉलेजला खेळलेला, बोलणं गोड, पोराचं नाव अचूक उच्चारणारा. पहिलं ‘मूल्यमापन’ फुकट, आणि त्यात निष्कर्ष काय, तर मुलगा डिव्हिजन वनच्या तोडीचा आहे. मग पॅकेज. आपल्या लोकांची नस त्याला बरोबर सापडली होती. मॅनेजमेंट कोटा, डोनेशन, ‘सीट पक्की’ हे शब्द कानावरून गेलेल्या पिढीला ‘थोडे पैसे भरा, जागा बघून देतो’ हे फारसं खटकत नाही. इथे मात्र जागा कोचच्या हातात असते, मधल्या माणसाच्या नाही.

पहिली थाप नियमांच्या नावाखाली आली. एनसीएएच्या नियमानुसार या खेळात डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलाशी भरतीविषयी बोलू शकत नाहीत, हे खरं. त्याने त्याचं केलं असं, की ‘मुलाने किंवा तुम्ही कोचला लिहू नका, नियमभंग होईल, सगळा पत्रव्यवहार माझ्यातर्फे.’ हे साफ खोटं. मुलगा हवं तेव्हा ईमेल पाठवू शकतो, फक्त कोच त्याआधी उत्तर देऊ शकत नाही. पण मुलाचं तोंड बंद झालं की कन्सल्टंट काय सांगतो ते पडताळायला कुणी उरत नाही. मधल्या काळात तो ‘इंटरेस्ट लेटर्स’चा फोल्डर दाखवत राहिला. ती सगळी उन्हाळी कॅम्पची आमंत्रणं होती. कॅम्पची जाहिरात आणि प्रश्नावली कोच कुणालाही, कधीही पाठवू शकतात. ज्याने वेबसाइटवर फॉर्म भरला त्याला येते.

मुलाचं प्रोफाइल आम्हाला फार उशिरा बघायला मिळालं, तेही क्लबच्या कोचमुळे. एका कॉलेजच्या कोचने त्यांना विचारलं होतं, हा मुलगा खरंच सहा फूट एक इंच आहे का? मुलगा पाच फूट दहा इंच. शंभर यार्ड फ्रीस्टाइलची त्याची वेळ ५१ सेकंदांच्या घरात, प्रोफाइलवर ४७. शाळेच्या स्विमिंग मीटचे निकाल इंटरनेटवर असतात, कुणीही पाहावेत. आणि ही ईमेलं माझ्या मुलाच्या नावाने, त्याच्या सहीने गेली होती. पैसे गेले ते गेले, पण पोराने केलेलं नसताना त्याच्या नावावर खोटेपणा चिकटला, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

व्हिडिओचीही तीच तऱ्हा. मागे ढणढणीत गाणं, नुसते गोल, प्रत्येक गोल दोनदा, दुसऱ्यांदा स्लो मोशनमध्ये. टोपीचा नंबर कुठे दाखवलेला नाही, त्यामुळे त्या फेसाळ पाण्यात आपला मुलगा कोणता हे मलासुद्धा शोधावं लागलं. क्लबच्या कोचने मिनिटभर बघून थांबवला. म्हणाले, ‘गोल सगळेच दाखवतात. बॉल हातातून गेल्यावर हा वळून बचावाला परततो का, ते कुठे आहे?’ कोच लोकांना न कापलेला सामना हवा असतो: बॉल नसताना मुलगा काय करतो, दमल्यावर पाय किती चालतात, प्रतिस्पर्ध्याने दाबल्यावर डोकं वर राहतं का. तो व्हिडिओ आपण फोनवर स्टँडमधून फुकट काढू शकतो.

करारात आणखी एक कलम होतं: स्कॉलरशिप मिळाली तर तिच्या रकमेचे १० टक्के कन्सल्टंटला. हे नीट वाचा. एनसीएएच्या नियमांत रिक्रूटिंग सेवेला ठरावीक फी देता येते, पण आर्थिक मदत मिळवून देण्यावर अवलंबून असलेली फी चालत नाही. असा करार केला तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येऊ शकते. आमच्या सुदैवाने स्कॉलरशिप मिळालीच नाही!

शेवटचा घाव बारावीत. ‘एका मोठ्या विद्यापीठाच्या रोस्टरवर जागा पक्की करतो’ म्हणून आणखी तीन हजार घेतले आणि पत्र आलं. वर कॉलेजचा मॅस्कॉट, खाली सही, सहीखाली ‘प्रेसिडेंट’. मुलाने वाचलं आणि म्हणाला, ‘आई, टीमला प्रेसिडेंट कसा असेल? सही कोचची हवी ना?’ बघितलं तर ईमेलचा पत्ताही विद्यापीठाचा नव्हता. त्या विद्यापीठात मुलांचा व्हार्सिटी, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत संघच नाही. आहे तो विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब. प्रेसिडेंट म्हणजे तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, आणि त्याने भाबडेपणाने लिहिलं होतं की प्रवेश मिळाला तर जरूर या, सेमिस्टरची वर्गणी एवढी एवढी. क्लब वॉटर पोलो चांगलाच असतो, त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात. पण तिथे कुणी रिक्रूट करत नाही आणि प्रवेशाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

या सगळ्याला हसू नका. २०१९ च्या मार्चमध्ये बाहेर आलेल्या प्रवेश घोटाळ्यात रिक सिंगर नावाच्या कन्सल्टंटने हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. कधी न खेळलेल्या एका मुलासाठी बापाने ऑनलाइन वॉटर पोलोचं सामान मागवलं, पूलमध्ये फोटो काढले, डिझायनरकडून ते खऱ्या खेळाचे वाटतील असे करून घेतले. बापाला चार महिने तुरुंग झाला, सिंगरला साडेतीन वर्षं. आम्हाला न विचारता मुलाची उंची वाढवणारा माणूस आम्हाला कुठल्या वाटेवर नेत होता, ते तेव्हा लक्षात आलं.

पैशाचं काय झालं? शेवटचे तीन हजार क्रेडिट कार्डवर होते. कबूल केलेली सेवा दिली नाही म्हणून कार्ड कंपनीकडे तक्रार केली, पत्राची प्रत जोडली, ते परत आले. आधीचे साडेचार हजार झेलने (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सेवा) दिलेले, त्याबद्दल बँकेने हात वर केले, कारण पाठवणारे आम्हीच. करारात बारीक अक्षरात ‘वाद लवादाकडे’ असं कलम होतं, पण स्मॉल क्लेम्स कोर्टाची वाट मोकळी ठेवलेली होती. तुमचा करार त्या दृष्टीने तपासा. कॅलिफोर्नियात व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि वकील उभा करताच येत नाही, त्यामुळे समोरचाही वकिलाच्या मागे लपू शकत नाही. दावा दाखल केलाय, तारखेची वाट बघतोय. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही तक्रार नोंदवली. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण नोंद राहते.

मुलाने नंतर स्वतःच डिव्हिजन थ्रीच्या काही कोचना लिहिलं: खरी उंची, खरी वेळ, दोन पूर्ण सामने आणि आधीच्या ईमेलांचा खुलासा. एकाने दुसऱ्याच दिवशी मार्कशीट मागवली.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात एका ताईंनी फोनवर त्यांच्या मुलीचं प्रोफाइल दाखवलं. खेळ लॅक्रोस, पण मांडणी तीच, रंग तेच, ‘इंटरेस्ट लेटर्स’चा फोल्डरही तोच. हप्ता पुढच्या आठवड्यात होता. त्यांना म्हटलं, आधी करार मला पाठवा.