स्टार फॉक्स २ : रद्द झालेला, तरीही खेळावा असा गेम

निन्टेंडोने १९९० च्या दशकाच्या मध्यात जवळजवळ पूर्ण झालेला ‘स्टार फॉक्स २’ हा अंतराळयुद्धाचा गेम रद्द केला, कारण निन्टेंडो ६४ हा नवा कन्सोल तोंडावर आला होता आणि प्लेस्टेशन व सेगाचा सॅटर्न या प्रतिस्पर्धी कन्सोलच्या त्रिमितीय दृश्यांपुढे सुपर एनईएस या जुन्या कन्सोलवरचा हा गेम फिका पडण्याची भीती होती. अधिकृतपणे तो मिळाला २०१७ मध्ये, सुपर एनईएस क्लासिक या छोट्या कन्सोलसोबत.

खेळल्यावर तो निर्णय मला अन्यायकारक वाटला. आखलेल्या वाटेने पुढे जाण्याऐवजी येथे नकाशावर अनेक संकटे एकाच वेळी सरकत असतात. आपण एका युद्धनौकेशी झुंजत असताना क्षेपणास्त्रे आपण राखायच्या कॉर्नेरिया ग्रहाकडे निघालेली असतात, आणि आधी कोणाला अडवायचे हे ठरवण्यातच सारा थरार आहे. सहांपैकी दोन वैमानिक निवडायचे असतात. त्यांतल्या मियू आणि फे या देखण्या पात्रांना इतकी वर्षे अज्ञातवासात राहावे लागले, याची हळहळ वाटते.

दृश्ये अडखळतात आणि एक मोहीम लवकर संपते, हे खरे. म्हणून वरच्या काठिण्यपातळीवर जरूर खेळावे. मात्र सुपर एनईएस क्लासिकवर मूळ ‘स्टार फॉक्स’चा पहिला टप्पा पार केल्याशिवाय हा गेम उघडत नाही.