तीन अक्षांचा मोबाइल गिंबल: तोरणमाळच्या घाटात
शहाद्याहून तोरणमाळकडे चढताना, वळणागणिक कलणाऱ्या जीपमधूनही हा गिंबल, म्हणजे चित्रण करताना फोन स्थिर धरणारे हातातील उपकरण, क्षितिजरेषा आडवी ठेवतो, ही त्याची खरी कमाई आहे. आतील जायरोस्कोप व त्वरणमापक फोनचा कल सतत मोजतात आणि तीन ब्रशविरहित मोटारी त्याला तत्काळ उलट दिशेने वळवून त्याचा रोख कायम राखतात. मात्र मोटारी केवळ कलणे व फिरणे सावरतात. वर-खाली बसणारा हादरा चित्रात उतरतोच, आणि खड्ड्यांची आपल्याकडे वानवा नाही. फोनचा तोल नीट साधला नाही, तर मोटारींवर ताण येऊन बॅटरी लवकर उतरते. म्हणून जाड कव्हर काढलेले बरे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पायी फिरून चित्रण करणाऱ्याने तो अवश्य घ्यावा. ट्रॅक्टरवर बांधण्यासाठी मात्र घेऊ नये.