व्हीओटू मॅक्सची लॅब टेस्ट करून आले, माझा अनुभव

घड्याळ रोज व्हीओटू मॅक्स (पूर्ण जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याचा आकडा) ४८ दाखवायचं, म्हणून खरं काय ते बघायला लॅबमध्ये ट्रेडमिल टेस्ट करून घेतली तर आकडा आला ४३. घड्याळ ऑक्सिजन मोजतच नाही हो, वेग आणि हार्ट रेटवरून अंदाज बांधतं, इथे मात्र नाकातोंडावर मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजतात. ब्रूस प्रोटोकॉल (ट्रेडमिल टेस्टची एक ठरलेली पद्धत) होता, सुरुवातीलाच १० टक्के चढ आणि मग दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात. चौथ्या टप्प्यात पोटऱ्या भरून आल्या, मास्कच्या आत घामाचे थेंब साचले, पण टेस्ट घेणारी मुलगी "अजून थोडं, अजून थोडं" करत राहिली आणि तिच्यामुळेच आरईआर (बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर) १.१ च्या वर गेला, म्हणजे जोर पूर्ण लागला होता असं धरतात. तिला मनापासून थँक्यू!

तक्रार एकच, रिपोर्ट समजावून सांगायला कोणी बसलंच नाही, नुसती प्रिंट हातात दिली. व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड (जोर वाढवताना श्वास एकदम जास्त वाढायला लागतो तो टप्पा) किती हार्ट रेटला आला हे ट्रेनिंगसाठी फार कामाचं असतं, तेवढं तरी विचारून घ्याच. आणि हार्टचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मगच जा.