जंगलाचा निर्णय कुठे घ्यायचा: ग्रामसभा, परिसर विकास समिती की जैवविविधता समिती?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्टीत बैठकांना तोटा नाही. गव्यांनी भात तुडवलं की बैठक, पुनर्वसनाचा विषय निघाला की बैठक. गावाने जोर कुठे लावायचा, हा प्रश्न आहे. जमीन, जंगलातली वहिवाट किंवा गाव उठणं यातलं काही पणाला असेल, तर माझ्या मते आधी २००६ च्या वनहक्क कायद्याची ग्रामसभा.

तिथे दावे तपासणारी वनहक्क समिती गावच निवडतं, अध्यक्ष-सचिवही गावचेच. वन्यजीवांसाठी लोक हलवायचे तर कलम ४(२) ग्रामसभेची लेखी संमती मागतं. भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडी गावासारखं कुटुंबामागे १५ लाखांचं पॅकेज पुढ्यात येतं, तेव्हा हे कलम माहीत असलेलं बरं.

पण वाट खडतर आहे. आपल्याकडचे मराठे, गवळी-धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. वनहक्काच्या दाव्यासाठी त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जुन्या जाणत्यांचा लेखी जबाब पुराव्यात धरतात, मात्र दावेदाराचा स्वतःचा नाही. कोरमला निम्मे प्रौढ हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. तरणी पोरं गोव्यात कामाला असतात. सभा चतुर्थीच्या सुट्टीत लावा, नाहीतर कोरम होतच नाही.

परिसर विकास समितीचं तसं नाही. २०११ मध्ये अभयारण्य झालेल्या भीमगडसारख्या हद्दीत ही, बाहेर ग्राम अरण्य समिती. कारभार वनखात्याच्या हातचा. चर, सौर कुंपण, गॅसजोडणी अशी कामं इथून लवकर सुटतात, कारण पैसा आणि सही एकाच ठिकाणी. गव्यांपुरताच प्रश्न असेल तर उगाच ग्रामसभेची वाट बघत बसू नका. गावाने ‘नको’ म्हटलं तर मात्र ते मानायला इथे कुणी बांधील नाही.

जैवविविधता समिती २००२ च्या कायद्याची, पंचायतीची. लोकांची जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. बारापेडे गुहेतली दुर्मीळ वटवाघळं, रानभाज्या, देवराई हे सगळं तिच्यात नोंदवून घ्या. पुढे दाव्याला आधार होतो. याहून जास्त अपेक्षा मी ठेवणार नाही.

तिन्हीकडे एक पथ्य पाळा. ठराव बहुधा कन्नडमध्ये लिहिला जातो. तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला लावा, वाचल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या, आणि हजेरीची सही ठरावाच्या शेवटच्या ओळीला चिकटूनच करा. मध्ये कोरी जागा दिसली तर आधी तिच्यावर आडवी रेघ मारा.